चाळिशी, चष्मा आणि वीस फूट दोरी

दिवाळीत हिंगणीला घरी होतो. दुपारी ओसरीवर बसलो होतो, तर काकूनं सुई-दोरा पुढे केला. “बाबू, ओवून दे न रे येवढं.” ओवून दिला. दहा मिनिटांनी पुन्हा तेच. तिसऱ्यांदा मात्र मी विचारलंच, “काकू, डोये तपासले का तू कधी?” काकू हसली. म्हणाली, “मले का वाचाचं हाय रे? चष्मा लावून का करू मी?”

काकू अजून पन्नाशीची नाही. कापूस वेचायला जाते. वेचणीची मजुरी किलोवर मिळते, हे आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे. बोंडातून कापूस ओढताना वाळलेली पत्ती सोबत येते, ती काढून टाकावी लागते. काकूच्या कापसात हल्ली पत्ती जास्त राहते, म्हणून बोलणी बसतात. आधी ती संध्याकाळी गोधड्या शिवायची, चार पैसे सुटायचे. दोन वर्षांपासून ते बंद. तांदूळ निवडायला सून लागते. या सगळ्याचं कारण तिच्या लेखी एकच, “वय झालं न आता.”

तिचं ते वाक्य डोक्यातून गेलं नाही. चष्मा हा वाचणाऱ्याचा असतो, असं तिला का वाटतं? आणि तिला एकटीलाच नाही, माझ्या आजीलाही तसंच वाटायचं. म्हणून थोडं मागे जाऊन बघितलं, की आपल्या भागात, आपल्या जिल्ह्यात, डोळ्यांचं नेमकं काय काय झालं. कोणता रोग गेला, कसा गेला, आणि काय तसंच राहिलं. पोस्ट मोठी आहे, पण शेवटपर्यंत वाचा. शेवटी एक काम सांगणार आहे, आणि त्याला खर्च जवळजवळ शून्य आहे.

सुरुवात शब्दापासून करू. मराठीत जवळचं वाचायच्या चष्म्याला ‘चाळिशी’ म्हणतात. “चाळिशी लागली” म्हणजे वय चाळीस झालं आणि चष्माही लागला. मोल्सवर्थच्या १८५७ सालच्या मराठी-इंग्रजी कोशातही हा शब्द ‘चाळशी’ या रूपात चष्म्यासाठी दिलेला आहे. म्हणजे जवळजवळ पावणेदोनशे वर्षांपासून मराठी माणसाला पक्कं ठाऊक आहे, की चाळिशीच्या आसपास जवळचं धूसर व्हायला लागतं आणि त्यावर इलाज म्हणजे भिंग.

हा रोग नाही. डोळ्याच्या आत एक नैसर्गिक भिंग असतं. लहानपणी ते लवचिक असतं. जवळचं बघताना फुगतं, लांबचं बघताना चपटं होतं. वय वाढतं तसं ते ताठ होत जातं, आणि चाळिशीनंतर जवळच्या कामापुरतं फुगत नाही. मग माणूस पेपर लांब धरून वाचतो. हात पुरेनासा झाला की चाळिशी घेतो. पांढरे केस होतात तसंच हे, शिकलेल्याला आणि न शिकलेल्याला सारखंच होतं. फरक एवढाच, की शिकलेल्याला ते पेपर वाचताना लगेच कळतं, आणि न शिकलेली बाई सुई-दोरा पोराच्या हातात देते.

आता चष्म्याचा इतिहास बघा. जवळचं दिसायचा चष्मा तेराव्या शतकाच्या अखेरीस उत्तर इटलीत निघाला. पहिली गिऱ्हाइकं कोण? मठातले भिक्षू, हस्तलिखितं लिहिणारे, हिशेबनीस. पुढे छापखाना आला, पुस्तकं वाढली आणि चष्म्याची मागणीही वाढली. भारतात तो समुद्रमार्गे आला. पुण्याच्या भांडारकर संस्थेतले संशोधक प. कृ. गोडे यांनी आपल्याकडच्या चष्म्याचे जुने उल्लेख शोधून काढले होते. त्यातला एक सोळाव्या शतकातला, विजयनगरच्या व्यासतीर्थांच्या चरित्रातला. तिथेही चष्मा कशासाठी, तर पोथी वाचण्यासाठी. म्हणजे इटलीतला भिक्षू असो की विजयनगरचे स्वामी, चष्मा पहिल्यापासून वाचणाऱ्यांच्या नाकावर बसला. सुई ओवणाऱ्या, धान्य निवडणाऱ्या, निंदण करणाऱ्या माणसापर्यंत तो पोचायला पाहिजे, असं शतकानुशतकं कुणाच्या मनातच आलं नाही. काकूचं वाक्य तिथून आलेलं आहे. तिची त्यात काही चूक नाही.

आणि गंमत बघा. देशातला सगळ्यात प्रसिद्ध चष्मा कुणाचा? गांधीजींचा. ते १९३६ साली आपल्या जिल्ह्यातल्या शेगावला राहायला आले. पुढे त्याच गावाचं नाव सेवाग्राम झालं. त्यांचा गोल काचांचा चष्मा आज नोटेवर आहे. २०१४ साली स्वच्छ भारत अभियानाचं बोधचिन्ह झालं, तोही हाच चष्मा. ते बोधचिन्ह कोल्हापूरच्या अनंत खासबारदार यांनी केलेलं. २००९ साली न्यूयॉर्कच्या लिलावात गांधीजींचा चष्मा, चपला, घड्याळ आणि ताट-वाटी मिळून १८ लाख डॉलरला गेलं. २०२० साली इंग्लंडमध्ये ब्रिस्टलजवळच्या लिलावात त्यांचा म्हणून एक चष्मा २ लाख ६० हजार पौंडांना विकला गेला. आणि सेवाग्रामच्या आश्रमात जपून ठेवलेला चष्मा चोरीला गेल्याची बातमी २०११ साली आली, तेव्हा देशभर गाजली. एका चष्म्यासाठी देश हळहळला, ते बरोबरच आहे. पण त्याच जिल्ह्यात किती जणांना साधा चष्मा हवा होता आणि मिळाला नाही, याची बातमी कधी होत नाही.

असं म्हणू नका की डोळ्यांसाठी काहीच झालं नाही. खूप झालं. माझ्या आजोबांच्या पिढीत गावात डोळ्यांचे चार शत्रू होते. खुपऱ्या, रातांधळेपणा, डोळ्यात पडलेलं फूल आणि मोतीबिंदू. एकेकाचं बघू.

खुपऱ्या म्हणजे ट्रॅकोमा. एक जंतू पापणीच्या आत वस्ती करतो. माश्यांमधून, एकाच पंचाला तोंड पुसण्यातून, एकाच बोटानं सगळ्या पोरांना काजळ लावण्यातून पसरतो. लहानपणी पुन्हा पुन्हा झाला की पापणी आतून आखडते, पापणीचे केस आत वळतात आणि उघडझाप करताना बुबुळाला घासतात. वर्षानुवर्षं घासून बुबुळ पांढरं होतं. म्हातारी माणसं चिमट्यानं पापणीचे केस उपटायची, ते यासाठी. याचा सगळ्यात जास्त मार उत्तर आणि वायव्य भारतात होता, पण ‘खुपऱ्या’ हा शब्द आपल्याकडेही घरोघरी होता. १९६३ साली राष्ट्रीय ट्रॅकोमा नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. मलम वाटलं गेलं, पुढे नळ आले, साबण आला. ऑक्टोबर २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं जाहीर केलं, की सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून भारतातून ट्रॅकोमा संपला. साठ वर्षं लागली. आजच्या पोरांना खुपऱ्या म्हणजे काय तेच माहीत नाही, आणि हा मोठा विजय आहे.

दुसरा शत्रू रातांधळेपणा. दिवस मावळला की पोराला ताट दिसायचं नाही, उंबऱ्याला अडखळायचं. कारण अ जीवनसत्त्वाची कमतरता. त्यातच गोवर झाला तर बुबुळ मऊ पडून कायमचं जायचं. “डोळ्यात फूल पडलं” असं आपण ज्याला म्हणतो, त्या पांढऱ्या डागाचं लहान मुलांमधलं हे एक मोठं कारण होतं. १९७० साली अ जीवनसत्त्वाचा मोठा डोस देण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. आजही नवव्या महिन्यात गोवराच्या लशीसोबत एक लाख युनिट, आणि नंतर दर सहा महिन्यांनी दोन लाख युनिट, पाचव्या वर्षापर्यंत. एकूण नऊ डोस. अंगणवाडीत चमच्यानं पाजतात ते पिवळं औषध हेच. त्या एका चमच्यामागे किती डोळे वाचले, हे सांगायला कुणी अंगणवाडीत येत नाही. ताई फक्त रजिस्टरवर टिक करतात.

तिसरं, मोठ्या माणसांच्या डोळ्यातलं फूल. हे अजून गेलेलं नाही, म्हणून इथे थांबून सांगतो. तुरीची काडी, पऱ्हाटीचं वाळलेलं टोक, धानाचं कूस डोळ्याला लागतं. लहानशी जखम होते, त्यात बुरशी शिरते. मग कुणी दूध टाकतं, कुणी मध टाकतं, कुणी मेडिकलवरून लाल डोळ्याचा ड्रॉप आणतं. त्या ड्रॉपमध्ये स्टिरॉइड असलं तर बुरशी आणखी फोफावते. आठ दिवसांत बुबुळ पांढरं. शेतात डोळ्याला काही लागलं तर स्वच्छ पाण्यानं धुवा आणि त्याच दिवशी डोळ्याच्या डॉक्टरकडे जा. घरचं काही टाकू नका, जुना ड्रॉप तर मुळीच नाही.

आता चौथा आणि सगळ्यात मोठा, मोतीबिंदू. आपल्या सुश्रुतसंहितेत मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेचं वर्णन आहे, हे आपण अभिमानानं सांगतो. खरं आहे. पण ती पद्धत म्हणजे गढूळ झालेलं भिंग सुईनं बाजूला ढकलायचं. प्रकाश आत जायचा, पण ढकललेलं भिंग डोळ्यातच राहायचं आणि बरेचदा नंतर डोळा बिघडायचा. भिंग बाहेर काढायची पद्धत अठराव्या शतकात फ्रान्सच्या जाक दाविएलनं रूढ केली, आणि ती आपल्या गावापर्यंत यायला दोनशे वर्षं गेली.

गावापर्यंत ती आली शिबिरातून. राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम १९७६ साली सुरू झाला. त्याच्या आधीपासून आणि नंतरही गावोगावी नेत्रशिबिरं भरायची. शाळेच्या खोल्या रिकाम्या करायचे, सतरंज्या टाकायचे. ऑपरेशन झालेल्याला दिवसचे दिवस उताणं निजवायचे. डोकं हलू नये म्हणून दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या. गावचे लोक डबे पुरवायचे. माझ्या आजोबांचं ऑपरेशन असंच एका शिबिरात झालं.

त्या काळी पूर्ण भिंग काढून टाकायचे आणि त्या जागी काहीच बसवायचे नाहीत. मग भिंगाचं काम बाहेरून करायला जाड काचेचा चष्मा, साधारण अधिक दहा नंबरचा. आजोबांचे डोळे त्या काचेतून बैलासारखे मोठे दिसायचे आणि आम्ही पोरं हसायचो. त्यांना जग कसं दिसत होतं, ते मला फार नंतर कळलं. त्या काचेतून वस्तू पाव पटीनं मोठ्या आणि जवळ दिसतात. पायरी जिथं आहे तिथं दिसत नाही. बाजूचं मधेच गायब होतं आणि एकदम समोर येतं. आजोबा धुऱ्यावरून दोनदा पडले. आणि एक दिवस बैल सोडताना चष्मा फुटला. नवा येईपर्यंत महिनाभर माणूस परत आंधळा. ऑपरेशन झालेला, डोळा चांगला असलेला माणूस केवळ एका काचेवाचून खाटेवर बसून होता.

“मोतीबिंदू पिकू द्या” हे वाक्यही त्याच काळातलं आहे. तेव्हाच्या पद्धतीत भिंग पूर्ण पांढरं झाल्यावरच काढणं सोयीचं होतं. शिवाय त्या जाड चष्म्यापेक्षा थोडं धूसर दिसणं बरं, म्हणून डॉक्टरच थांबा म्हणायचे. पद्धत बदलून कितीतरी वर्षं झाली, वाक्य मात्र गावात तसंच राहिलं. आजही लोक पिकायची वाट बघतात. आज थांबायची गरज नाही. दिसण्यामुळे कामात अडचण यायला लागली की ऑपरेशन करता येतं. उलट जास्त पिकू दिला तर डोळ्याचा दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो, आणि मग ऑपरेशन करूनही नजर परत येत नाही. एवढी एक गोष्ट जरी या पोस्टमधून घरातल्या म्हाताऱ्यांना सांगितली, तरी पुष्कळ झालं.

पद्धत बदलली ती अशी. दुसऱ्या महायुद्धात लंडनच्या डॉ. हॅरॉल्ड रिडली यांच्याकडे जखमी वैमानिक यायचे. विमानाच्या काचेचे, म्हणजे ॲक्रिलिकचे, तुकडे त्यांच्या डोळ्यात घुसलेले असायचे. रिडलींच्या लक्षात आलं की हे तुकडे डोळ्यात राहिले तरी डोळा भडकत नाही. त्यावरून त्यांनी कृत्रिम भिंग बनवलं आणि नोव्हेंबर १९४९ मध्ये पहिल्यांदा डोळ्यात बसवलं. पण ते भिंग महाग, बाहेरून यायचं. गरिबाच्या वाट्याला बराच काळ तो जाड चष्माच. १९९२ साली मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाच्या लोकांनी ऑरोलॅब सुरू करून भिंगं इथेच, अगदी स्वस्तात बनवायला घेतली. १९९४ पासून जागतिक बँकेच्या मदतीनं सात राज्यांत मोतीबिंदूचा मोठा प्रकल्प चालला, त्यात महाराष्ट्र होता. तालुक्या-जिल्ह्याच्या डॉक्टरांना भिंग बसवायचं शिक्षण मिळालं. बघता बघता ‘भिंगाचं ऑपरेशन’ हा शब्द गावात आला, आणि जाड चष्म्याचे म्हातारे दिसेनासे झाले. पुढे राज्य सरकारनं मोतीबिंदूमुक्त महाराष्ट्र अभियानही काढलं. माझ्या आजीचं ऑपरेशन भिंगाचं झालं. दुसऱ्या दिवशी पट्टी सोडली, तिसऱ्या दिवशी ती अंगणात सडा टाकत होती. आजोबा आणि आजी, एकाच घरातली दोन माणसं, मध्ये पंधरा-वीस वर्षं.

आपल्या जिल्ह्यात आणखी एक गोष्ट झाली. १९६९ साली, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, डॉ. सुशीला नायर यांनी सेवाग्रामला वैद्यकीय महाविद्यालय काढलं. खेड्यात निघालेलं देशातलं हे पहिलं वैद्यकीय महाविद्यालय. तिथल्या प्रत्येक तुकडीच्या विद्यार्थ्यांना एका गावात राहून घरोघरी जावं लागतं. त्याच दवाखान्यानं गावांसाठी ज्वारीचा आरोग्य विमा चालवला. सुगीनंतर घराप्रमाणे ठरलेली ज्वारी जमा करायची, आणि वर्षभर उपचारात सवलत. रोख पैसा नसलेल्या माणसालाही आपला वाटा भरून हक्कानं दवाखान्यात जाता यायचं. ही पद्धत आपल्या जिल्ह्यातली आहे, हे आपल्याच पोरांना माहीत नसतं.

आता हे सगळं एकत्र ठेवून बघा. खुपऱ्यांचं मलम, अ जीवनसत्त्वाचा चमचा, मोतीबिंदूचं शिबीर, ज्वारीचा विमा. यातलं काहीही लोकांनी मागितलं म्हणून आलं नाही. आजोबा कधी म्हणाले नव्हते की माझं ऑपरेशन करा. ते म्हणत होते, “वय झालं.” कुणीतरी दारापर्यंत आलं, हात धरून नेलं, म्हणून ते झालं. जिथे जिथे दारापर्यंत माणूस आला, तिथे अंधत्व मागे हटलं. औषध शोधून बरीच वर्षं झालेली असायची, अडलेलं असायचं शेवटच्या काही कोसांवर.

चष्म्याच्या बाबतीत तो माणूस अजून धड आलेलाच नाही. कार्यक्रमाचा सगळा भर ऑपरेशनवर राहिला. ऑपरेशन मोजता येतं, उद्दिष्ट ठरवता येतं, फोटो निघतो. शाळकरी मुलांना मोफत चष्मे नंतर आले, वयस्कांच्या चाळिशीची दखल तर त्याहून उशिरा. आणि जवळचं न दिसल्यामुळे कुणी ‘आंधळा’ ठरत नाही, त्यामुळे काकू कुठल्याच यादीत येत नाही.

हा प्रश्न लहान नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ साली दृष्टीवरचा पहिला जागतिक अहवाल काढला. जगात किमान २२० कोटी लोकांना जवळचं किंवा लांबचं नीट दिसत नाही. त्यातल्या किमान १०० कोटी लोकांचा त्रास टाळता आला असता किंवा अजून त्यावर इलाज झालेला नाही. आणि या १०० कोटींतले ८० कोटींहून जास्त लोक असे, की ज्यांना फक्त चाळिशी हवी आहे. ऑपरेशन नको, औषध नको.

“न वाचणाऱ्याला चष्म्याचा काय उपयोग?” याचं उत्तरही मिळालेलं आहे. आसामच्या चहाच्या मळ्यांत एक अभ्यास झाला, २०१८ साली लॅन्सेटच्या मासिकात छापून आला. चाळिशी ओलांडलेले, पान खुडणारे साडेसातशे मजूर, बहुतेक बायका. निम्म्यांना आधी चाळिशी दिली, निम्म्यांना नंतर. चष्मा मिळालेल्यांची पान खुडणी न मिळालेल्यांपेक्षा जवळजवळ २२ टक्क्यांनी जास्त वाढली. त्यांनाही काही वाचायचं नव्हतं. चहाचं पान किलोवर, आपला कापूसही किलोवर. यापुढचा हिशेब तुम्हीच करा.

बाजारात तयार चाळिशी शंभर-दोनशे रुपयांत मिळते. सप्टेंबर २०२५ पासून नंबरच्या चष्म्यावरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, तेही चांगलंच झालं. पण पहिल्यांदा चष्मा घेताना एकदा डोळे तपासून घ्यावेत असं मी म्हणेन. चाळिशीनंतर काचबिंदू गुपचूप येतो. दुखत नाही, खुपत नाही, कडेची नजर आधी जाते आणि गेलेली परत येत नाही. घरात कुणाला काचबिंदू असेल तर तपासणी चुकवू नये. ज्याला शुगर आहे त्यानं वर्षातून एकदा डोळ्याचा पडदा तपासलाच पाहिजे. चष्म्याच्या निमित्तानं एवढं होऊन जातं.

आता मुलांचं. आमच्या वर्गात एक पोरगा होता. फळ्यावरचं उतरवून घ्यायचा नाही, शेजारच्याच्या वहीत बघायचा. गुरुजींना वाटायचं, नक्कल करतो. मार खायचा. मागच्या बाकावर गेला, मग सातवीत शाळाच सुटली. बऱ्याच वर्षांनी मोटरसायकलच्या लायसनसाठी डोळे तपासले, तेव्हा कळलं की त्याला उणे चार नंबर आहे. मला म्हणाला, “मले वाटे, सगळ्याईलेच फया असाच दिसते.” ज्या मुलाला जन्मापासून धूसर दिसतं त्याला ते धूसर आहे हे कळणार कसं? ते तक्रार करणार नाही. तक्रार करेल असं धरून बसलो, तर तो पोरगा वाया जातो.

एका डोळ्याचं तर आणखी कठीण. एक डोळा चांगला आणि दुसऱ्याला मोठा नंबर असेल, तर मेंदू चांगल्या डोळ्यावर काम भागवतो आणि दुसऱ्याकडून येणारं चित्र टाकून देतो. तो डोळा ‘आळशी’ होतो. सात-आठ वर्षांच्या आत सापडला तर चष्मा आणि चांगल्या डोळ्यावर पट्टी देऊन सुधारतो. नंतर फार अवघड. तिरळेपणाचंही तेच. आपल्याकडे तिरळा डोळा भाग्याचा समजतात, मोठेपणी सुधारेल म्हणतात. थांबण्यात नजर जाते.

शिवाय “चष्मा लावला की नंबर वाढतो” हा समज. नंबर वाढतो कारण मूल वाढतं, डोळाही लांब होतो. चष्मा न लावल्यानं तो थांबत नाही. आणि मुलीला चष्मा म्हणजे लग्नाला अडचण, हे तर उघड बोललं जातं. अशा मुली मी बघितल्या आहेत, चष्मा दप्तरात ठेवणाऱ्या. वर्गात लावायचा, घराच्या वळणावर काढायचा.

आता मोबाइल आला. जवळचं सतत बघणं आणि उन्हात न खेळणं, यानं लांबचं न दिसणाऱ्या मुलांची संख्या जगभर वाढते आहे. तैवानमध्ये शाळांनी मुलांना रोज दोन तास बाहेर काढायचा कार्यक्रम २०१० पासून घेतला, त्याचा फायदा दिसला. आपल्याकडे बोर नदी आहे, जंगल आहे, मोकळं मैदान आहे, फक्त पोरं घरात आहेत.

सरकारी तरतूद आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला तोच महाराष्ट्रात, ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघरला. त्यात आरोग्य पथकानं अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा जायचं, नजरही तपासायची. पण एका पथकाकडे गावं किती, आणि त्या दिवशी गैरहजर पोराचं काय? म्हणून पथकाची वाट न बघता आपणही काही करू शकतो.

ते काम हे. डोळे तपासायचा तक्ता १८६२ साली हॉलंडच्या हर्मान स्नेलेन यांनी काढला. सहा मीटरवरून बघायचा, म्हणजे साधारण वीस फूट. अक्षर न येणाऱ्यांसाठी नुसत्या ‘ई’ आकाराचा तक्ता मिळतो, मुलानं बोटं कुठल्या बाजूला आहेत एवढंच हातानं दाखवायचं. वीस फूट दोरी घ्या. शाळेच्या व्हरांड्यात, उजेडात, तक्ता मुलाच्या डोळ्याच्या उंचीवर लावा. एक डोळा तळहातानं झाका, दाबू नका. मग दुसरा. दोन्ही डोळे वेगवेगळे तपासणं महत्त्वाचं, नाहीतर आळशी डोळा लपून जातो. सहा बाय नऊची ओळ ज्याला एका डोळ्यानंही सांगता येत नाही, त्याचं नाव लिहून घ्या आणि पालकांसह डोळ्याच्या डॉक्टरकडे पाठवा. शिक्षकांनी पहिली चाचणी घ्यायची ही पद्धत राष्ट्रीय कार्यक्रमातलीच आहे, मी शोधलेली नाही. दोन माणसं एका दिवसात अख्खी शाळा तपासू शकतात. नंबर काढणं हे आपलं काम नाही, कुणाला दिसत नाही एवढं शोधणं आपलं.

दिवाळीनंतर काकूला घेऊन गेलो. मोतीबिंदू नाही, दाब बरोबर, फक्त जवळचा अधिक दोन नंबर. चष्मा लावून घरी आली आणि तांदळाचं सूप घेऊन बसली. थोड्या वेळानं सुनेला म्हणाली, “माय वं, येवढे खडे खाऊ घातले का मी तुमाले?” सून हसत होती, काकू नाही. चष्मा आता चुलीजवळच्या खुंटीला असतो. परवा फोन केला तर म्हणाली, शेजारची दोघीजणी मागून नेतात, दोरा ओवायला. त्या दोघींनाही तपासायला न्यायचं आहे.

जानेवारीत दोरी आणि तक्ता घेऊन शाळेत जायचा विचार आहे, गुरुजींशी बोलणं झालं आहे. हिंगणी किंवा सेलू तालुक्यातलं कुणी सोबत येणार असेल तर सांगा. आणि तुम्ही कुठेही असा, आज रात्री घरातल्या चाळिशी ओलांडलेल्या बाईच्या हातात सुई-दोरा देऊन बघा.